कुइमोईची उपडी भाजी

कुइमोई साखाङ गावाला आली ती कावडीतून. एका टोपलीत ती, अजून रांगायलाही न लागलेली, आणि दुसऱ्या टोपलीत तोल साधायला रताळी. कावड खांद्यावर घेऊन डोंगर उतरणारा माणूस त्याच सकाळी तीच कावड घेऊन डोंगर चढला होता. तेव्हा त्या टोपलीत त्याची स्वतःची लेक होती. ती त्यानं कुइमोईच्या आईबापांकडे पोचती केली आणि बदल्यात ही आणली.

मियाओलीच्या डोंगरातल्या आम्हा हक्का लोकांत हे तेव्हा सर्रास चालायचं. मुलाचं लग्न करायचं म्हणजे घर धुऊन निघायचं. त्यापेक्षा दुसऱ्याची तान्ही पोर आणायची, वाढवायची, राबवायची आणि वयात आली की आपल्या पोराच्या गळ्यात बांधायची. ना वरात, ना मानपान. आपली पोरही तशीच दुसऱ्याच्या पदरात टाकायची. फिटंफाट.

पण त्या कावडवाल्याच्या बायकोच्या अंगावर दूध होतं ते तिच्या लेकीसाठी आलेलं. ते कुइमोई प्यायली. पुढं ती दिलेली लेक परक्या घरात तापानं गेली. निरोप आला तेव्हा कुइमोई अंगणात कोंबड्यांमागे धावत होती, गुटगुटीत, गाल लालबुंद. बाईनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवसापासून त्या घरात कुइमोईला कुणी जवळ घेतल्याचं कुणाला आठवत नाही. उपाशी ठेवलं नाही, मारलंही बेतानंच. कुइमोई तिला आई म्हणायची आणि ती ओ द्यायची, एवढंच.

घरात एक मुलगा होता, थेनफात. कुइमोईपेक्षा थोडा मोठा. त्याला ती दादा म्हणायची. हाच दादा पुढे आपला नवरा व्हायचा आहे हे तिला कधी कळलं, तिलाही सांगता आलं नसतं. घराचं छप्पर कौलाचं आहे हे जसं कळतं, तसं कळलं.

साखाङला वर्षातल्या दुसऱ्या भाताची कापणी झाली की खाचरांतलं पाणी काढून तिथं मोहरी लावतात. आपल्या बोटभर पाल्याची ती मोहरी नव्हे. एकेक गड्डा मांडीवर घेऊन बसावं एवढा, पानं हत्तीच्या कानासारखी. थंडी पडली की सगळी दरी हिरवीगार. नव्या वर्षाच्या सणाआधी तो पाला कापायचा, शेतातच उन्हात आडवा टाकून मलूल होऊ द्यायचा आणि मग लाकडी पिंपात मिठाचा थर, पाल्याचा थर असं रचत पायांनी तुडवायचा. पाणी सुटून पाला बुडेपर्यंत तुडवायचा. वर धोंडे ठेवायचे. आंबला की काढून पुन्हा उन्हात वाळवायचा आणि जुन्या दारूच्या बाटल्यांत काठीनं ठासून ठासून भरायचा. मग त्या बाटल्या उपड्या ठेवायच्या, म्हणजे उरलंसुरलं पाणी निथळून जातं आणि वारा आत शिरत नाही. म्हणून तिचं नाव फुचोय, उपडी भाजी. डुकराच्या मटणाचे पातळ काप आणि बांबूचे कोंब घालून तिचं सूप केलं की आमच्याकडचा माणूस दुसरं काही मागत नाही.

कुइमोईला आईनं पिंपात पहिल्यांदा उतरवलं तेव्हा तिचं डोकं पिंपाच्या काठाच्या वर जेमतेम दिसत होतं. पाय घासून धुतलेले, तरी थंडीनं टाचा फुटलेल्या. मीठ भेगांत शिरलं तशी ती कळवळली.

"रडायचं नाही," आई म्हणाली. "डोळ्यांतलं पाणी पडलं तर पाला नासतो."

हे खरं की खोटं कुणास ठाऊक. कुइमोईनं ओठ घट्ट मिटले आणि काठ धरून तुडवत राहिली. त्या वर्षीची भाजी अशी काही उतरली की शेजारच्या बायका वाटी घेऊन मागायला आल्या. आई त्यांना म्हणाली, "पोरीचे पाय बरे आहेत." आयुष्यात आईच्या तोंडून तिनं स्वतःविषयी ऐकलेलं हे एकच चांगलं वाक्य, आणि तेही तिला सांगितलेलं नव्हतं.

शाळेत ती दोन इयत्ता गेली. मग घरच्या कामातून फुरसत मिळेना. थेनफात मात्र शिकत राहिला आणि दुपारी त्याचा डबा पोचवायचं काम हिच्याकडे आलं. वर्गाच्या दारात ती दिसली की पोरं बाकं बडवायची.

"थेनफात, ऊठ रे! बायको आली तुझी!"

"दिसायच्या आधी वासच आला, खारवलेला!"

एकदा त्यानं डबा तिच्या हातातून हिसकावला आणि तिच्यासमोरच मागच्या गटारात उलटा केला. घरी येताना वाटेत तिला गाठून म्हणाला, "उद्यापासून डबा दाराबाहेरच ठेवून जात जा. आत यायचं नाही. आणि मला दादा म्हणून हाक मारायची नाही तिथं."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून ती डबा पायरीवर ठेवून परत यायला लागली. पोराला उपाशी राहावं लागलं हे आईला तिनं सांगितलं नाही. त्याला कशाला बोलणी बसू द्यायची, असं तिला वाटलं. आईचं तर म्हणणं असायचं की पोरगं लाजाळू आहे, लग्न झालं की होईल सरळ.

थेनफात मास्तरकीचं शिकायला सिन्चूला गेला आणि तिथंच नोकरीला लागला. आमच्याकडे अशा घरी वाढवलेल्या नवरीचं लग्न वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी, घरच्या जेवणातच उरकून टाकतात. सगळी माणसं घरात असतात, पंगत तयारच असते, वेगळा खर्च नाही. आईनं त्या वर्षी नवी रजई शिवून घेतली. लाल. कुइमोई रोज ती रजई ठेवलेल्या पेटीसमोरून जायची आणि पेटीकडे बघायची नाही.

त्या संध्याकाळी तिनं एकटीनं सगळा स्वयंपाक केला. कोंबडी उकडली, वाळवलेल्या मोहरीवर डुकराचं चरबीदार मटण वाफवलं, मुळ्याचे उंडे तळले, फुचोयचं सूप केलं. थेनफात बसमधून उतरून आला, नवा कोट घालून. जेवायला बसला. बापानं त्याच्यासाठी दारू ओतली. आईनं हळूच विषय काढला, "जेवण झालं की दोघांनी देवापुढं नमस्कार करा."

थेनफातनं पेला खाली ठेवला. "मी एकीला शब्द दिलाय. आमच्याच शाळेत शिकवते. सुइयिन नाव तिचं."

त्यानं हनुवटीनं कुइमोईकडे दाखवलं.

"हिला मी बहीण मानतो," तो म्हणाला. "माणूस बहिणीशी लग्न करतो का? आता असं कुणी करत नाही, आई."

बापानं त्याला एक शिवी घातली, पण तिच्यात जोर नव्हता. मास्तरीण सून मिळणार म्हटल्यावर त्याच्या रागातली हवा तिथंच गेली होती. आई कुइमोईकडे न बघता म्हणाली, "ऊठ, सूप निवलं. गरम करून आण."

कुइमोई उठली आणि सूप गरम करून घेऊन आली. सगळ्यांना वाढलं. थेनफातनं दोन वाट्या घेतल्या.

लाल रजई सुइयिनच्या लग्नात गेली.

त्यानंतर एकदाच कुइमोईच्या आयुष्यात दुसरं काही घडू शकलं असतं. वादळात घराची कौलं उडाली आणि ती बसवायला खालच्या गावातून आसिन नावाचा एक माणूस आला. विधुर, गप्पिष्ट, हातानं चलाख. कुइमोईनं त्याला दुपारी वाळवलेला मुळा घालून अंड्याची पोळी करून दिली. छपरावर बसून त्यानं ती खाल्ली आणि वरूनच ओरडला, "अहो बाई, हे कौल मी जरा सैलच ठेवतो हं!"

"का?"

"पुन्हा गळायला नको का? मग मला पुन्हा बोलवाल!"

ती हसली. कित्येक वर्षांनी ती तोंडावर हात न ठेवता हसली. आसिननं पुढच्याच महिन्यात माणूस पाठवून रीतसर मागणी घातली. आई म्हणाली, "मोहरी भरून होऊ दे, मग बघू." मोहरी भरून झाली. मग म्हणाली, बांबूचे कोंब काढायचे दिवस आलेत. मग भात. मग बापाला अर्धांगवायू झाला. आसिननं वाट पाहिली ती पाहिली, मग किनाऱ्याकडच्या एका बाईशी लग्न करून तिकडेच राहायला गेला. 'मला जायचंय' असं कुइमोई एकदाही म्हणाली नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं आणि न विचारता बोलायची तिला सवय नव्हती.

बाप गेला. घरात दोघीच उरल्या, आई आणि ती. शेत खंडानं दिलं, पण घरामागचा ओढ्याकाठचा तुकडा कुइमोईनं स्वतःकडे ठेवला. तिथं तिची मोहरी, मुळा, लसूण, आलं, मांडवावर कारली आणि दोडकी. आंबट संत्र्यांची दोन झाडं; त्या संत्र्यांची मिरची घालून चटणी करायची, उकडलेल्या कोंबडीबरोबर खायला. दर वर्षी सणाला थेनफात बायकोमुलाला घेऊन यायचा आणि जाताना गाडीची डिकी भरून न्यायचा.

"वन्सं, तुमच्या हातचं म्हणजे काय!" सुइयिन म्हणायची. "आमच्या शाळेत सगळ्या विचारतात, फुचोय कधी आणणार म्हणून. मला मेलीला काही म्हणजे काही येत नाही."

"त्यात काय अवघड, वहिनी."

"नको गं बाई. तो वास हाताला लागला की जात नाही."

सुइयिन वाईट नव्हती. कुइमोईला दर वर्षी एक स्वेटर आणायची. फक्त तिच्या बोलण्यात असं काही असायचं की स्वेटर घातला की कुइमोईला टोचायचा.

आई अंथरुणाला खिळली आणि तीही बरीच वर्षं खिळून राहिली. थेनफातकडे जागा नव्हती, शिवाय सुइयिनची नोकरी. कुइमोईनं तिला उठवलं, धुतलं, कूस बदलली, पेजेत फुचोय बारीक चिरून घालून भरवली. शेवटच्या दिवसांत आईचं बोलणं सुटं झालं होतं. एका दुपारी पेज भरवताना तिनं कुइमोईचं मनगट धरलं.

"माझी पोर त्या घरात मेली. तुझ्या आईनं तिला डॉक्टरकडे नेलं नाही. आणि तू इथं माझं दूध पिऊन धट्टीकट्टी राहिलीस."

कुइमोईनं चमचा पुढं केला. "तोंड उघड, पेज निवतेय."

"कुणाचं दूध प्यायलीस, सांग."

"तुझं, आई."

"माझं नव्हे. तिचं."

आईनं तोंड उघडलं. कुइमोईनं चमचा आत घातला, ओठ पुसले आणि वाटी संपवली. मग ती मागच्या तुकड्यात गेली आणि अंधार पडेपर्यंत आल्याच्या वाफ्यातलं तण काढत बसली. तण फारसं नव्हतंच.

अंत्ययात्रेच्या वेळी विधी सांगणाऱ्यानं सगळ्यांना ओळीत उभं केलं. मुलगा पुढे, सून त्याच्यामागे, नातू. कुइमोईपाशी आल्यावर तो थांबला. "या कोण? लेक की सून?"

थेनफात घुटमळला. "पाळलेली बहीण."

"मग मागं," विधीवाला म्हणाला आणि तिला भाचरांच्याही मागं नेऊन उभं केलं.

निवृत्त झाल्यावर थेनफात आणि सुइयिन कायमचे साखाङला आले. जुनं घर पाडून दुमजली बांधलं. कुइमोईला मागच्या बाजूला पिंपांच्या कोठीशेजारी खोली मिळाली. खोली चांगली होती, खिडकीतून तिचा तुकडा दिसायचा. स्वयंपाक तिच्याचकडे राहिला. पुढे त्यांचा मुलगा आणि सून यीचेन हीही शहरातल्या नोकऱ्यांना कंटाळून आली. यीचेन हुशार पोरगी, पायाला भिंगरी. हल्ली सुटीच्या दिवशी शहरातले लोक डोंगरात फिरायला येतात, जुन्या पद्धतीचं खायला मागतात, हे तिनं बरोबर हेरलं. खालच्या मजल्यावर दुकान थाटलं आणि कुइमोईला म्हणाली, "आत्या, या वर्षी जरा जास्त मोहरी लावू या का? मी मदतीला बायका देते."

कुइमोईला बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, फार बरं वाटलं. त्या हिवाळ्यात गुडघे कुरकुरत असतानाही ती पिंपात उतरली. मदतीला आलेल्या बायकांना तिनं मीठ किती, धोंडा केवढा, पाला कधी उलटायचा हे सगळं शिकवलं. बाटल्या भरून झाल्या. यीचेननं त्यांना सुंदर कागद चिकटवला. त्यावर निळ्या जुन्या धाटणीच्या झग्यात, हातात मोहरीचा गड्डा घेऊन हसणारी म्हातारी. खाली लिहिलेलं: सुइयिन आजींची उपडी भाजी.

कुइमोईला अक्षरं सावकाश लागायची. तिनं दोनदा वाचलं. मग चित्राकडे पाहिलं.

"ही वहिनी आहे."

"हो ना! फोटो कसला गोड आलाय, नाही?" यीचेन म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. "आत्या, मी आधी तुमचाच विचार केला होता. खरंच. पण लोक विचारतात ना, या तुमच्या कोण? मग मी काय सांगू? एवढी मोठी गोष्ट गिऱ्हाइकाला कुठं सांगत बसणार? आजी म्हटलं की एका शब्दात कळतं."

सुइयिन आरशासमोर केस नीट करत होती. ती म्हणाली, "मी तर नकोच म्हणत होते, वन्सं. मला कुठं काय येतंय. पण ही पोरं ऐकतात का?"

थेनफात पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं.

लोक यायला लागले. सुइयिन त्यांच्यासमोर अंगणात निळा झगा घालून बसायची आणि बाटलीत काठीनं भाजी ठासून दाखवायची. पहिल्यांदा तिनं काठी पळीसारखी धरली. कुइमोईनं मागून येऊन तिची मूठ नीट केली. "अशी धरा, वहिनी. नाहीतर मनगट जाईल." एका पाहुण्या बाईनं विचारलं, "या मदतीला असतात वाटतं?" सुइयिन म्हणाली, "हो हो, आमच्या घरच्याच आहेत." कुइमोई स्वयंपाकघरात परत गेली.

त्या वर्षभर ती काही बोलली नाही. पुढच्या हिवाळ्यात मोहरी लावली, खत घातलं, पाणी दिलं. गड्डे कापायचे झाले तेव्हा यीचेन पिंपं धुऊन वाट बघत बसली.

"माझे गुडघे गेले," कुइमोई म्हणाली. "यंदा माझ्याच्यानं होणार नाही."

"मग बायका तुडवतील. तुम्ही नुसतं सांगा."

"सांगणंही होणार नाही."

तिचा हिशेब साधा होता. या वर्षी भाजी बिघडेल. गिऱ्हाईक तोंड वाकडं करेल. मग घरातल्या कुणाच्या तरी लक्षात येईल की ते पाय कुणाचे होते. तिला माफी नको होती, फोटो नको होता. कुणीतरी एक घास घेऊन थांबावं, चेहरा बदलावा, एवढंच हवं होतं.

यीचेननं दोन दिवस फोनाफोनी केली आणि पलीकडच्या खोऱ्यातून तयार खारवलेली भाजी टेम्पोनं मागवली. ती बाटल्यांत भरली, वर तोच कागद. कुइमोईनं चव घेऊन पाहिली. मीठ घाईनं मारलेलं, आंबटपणा वरवरचा, पाला चिवट. ती मनात म्हणाली, झालं.

काही झालं नाही. बाटल्या गेल्या वर्षीसारख्याच खपल्या. लोक परत येऊन म्हणाले, "आजी, अगदी तीच चव!" एक म्हातारा तर डोळे पुसत म्हणाला, माझी आई अशीच करायची.

उरला थेनफात. तो लहानपणापासून तिच्या हातचं खात आला होता. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा कुइमोईनं मुद्दाम दुकानातली बाटली फोडून सूप केलं. त्याच्यापुढे वाटी ठेवली आणि पदार्थ इकडचे तिकडे करत त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं फुंकर घातली, घोट घेतला. थांबला.

"वा," तो म्हणाला. "यंदा तुझ्या हाताला विशेषच चव आलीय, कुइमोई."

"ही माझी नाही, दादा. विकत आणलेली आहे."

"हो का?" त्यानं वाटी पुढं केली. "मग वाढ आणखी थोडी. छान आहे."

ती हसायला लागली. आधी बारीक, मग तिला आवरेना. यीचेनला वाटलं आत्याला ठसका लागला, तिनं पाठीवर थापट्या मारल्या. कुइमोईनं डोळे पुसले, वाढलं आणि मागच्या दारानं बाहेर गेली.

तुकड्यात न कापलेली मोहरी तशीच उभी होती. थंडी सरली तशी तिला दांडे फुटले आणि सगळी पिवळ्या फुलांनी डवरली. आमच्याकडे फुलावर आलेली मोहरी म्हणजे बाईच्या आळसाची जाहिरात. कुइमोईला वाटलं होतं, निदान ह्याची तरी घरच्यांना लाज वाटेल. पण एका रविवारी शहरातल्या पोरी त्या फुलांत शिरल्या, माना वाकड्या करून फोटो काढून घ्यायला लागल्या. दुपारी यीचेन धावत आली.

"आत्या, तुमच्या कसं डोक्यात आलं हे? लोक नुसते वेडे झालेत! पुढच्या वर्षीही असंच ठेवू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुइमोईनं विळा घेतला आणि एका टोकापासून मोहरी कापायला सुरुवात केली. गुडघे दुखत होते ते दुखू दिले. जेवणवेळेपर्यंत सगळा तुकडा भुईसपाट झाला. पिवळी फुलं पायाखाली तुडवली गेली.

यीचेन बांधावर येऊन रडकुंडीला आली. "हे काय केलंत! पुढच्या सुटीला लोक यायचे होते! मी सगळीकडे सांगून बसलेय!"

"जमीन तुमची आहे, पोरी," कुइमोई म्हणाली. "पण पेरली मी होती."

"मी काय वाईट केलं तुमचं?"

कुइमोईनं तिच्याकडे पाहिलं. पोरगी खरंच विचारत होती. तिला समजावून सांगायचं तर कावडीपासून सुरू करायला हवं होतं. "काही नाही," ती म्हणाली आणि विळा पुसला.

त्याच आठवड्यात तिनं वेगळी चूल मांडली. आपल्या खोलीच्या पडवीत एक गॅसची शेगडी, एक पातेलं, एक कढई. थेनफात तिथवर आला आणि दारातच उभा राहिला. "या वयात वेगळी चूल? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कळणारही नाही, दादा. चूल मागच्या बाजूला आहे."

"आणि आमच्या जेवणाचं काय?"

"पोरगी हुशार आहे. मागवेल कुठून तरी."

पहिल्या दिवशी भात शिजला, वाफ जिरली आणि त्याबरोबर काय करावं हे तिला सुचेना. आईला कारलं आवडायचं, बापाला चरबीदार मटण, दादाला सूप, सुइयिनला तिखट नको, भाच्याला गोड हवं. स्वतःला काय आवडतं हे तिला आठवेना. फार वेळ ती कढई हातात धरून उभी राहिली. मग नुसता भात मिठाबरोबर खाल्ला. पुढचे कित्येक दिवस एकेक करून पाहिलं. कारलं तिला मुळीच आवडत नव्हतं. एवढी वर्षं खाल्लं आणि वाढलं. आवडला तो रताळ्याच्या वेलाचा कोवळा पाला, नुसता उकडून वर लसूण आणि चमचाभर तेल. तो आमच्याकडे डुकरांना घालतात.

पुढच्या हिवाळ्यात तिनं मोहरी लावली नाही. निम्म्या तुकड्यात यीचेननं फुलांसाठी काही तरी पेरलं, निम्म्यात हिचे रताळ्याचे वेल पसरले. दुकान चाललंच. सुइयिनला मध्येच झटका आला आणि तिला बोलता येईनासं झालं, तरी कागदावरची म्हातारी हसत राहिली आणि बाटल्या खपत राहिल्या. कुइमोई वहिनीकडे रोज दुपारी जाऊन बसते, तिचे केस विंचरते. कुणी सांगितलेलं नाही. तेवढं तिला जमतं.

परवा थेनफात काठी टेकत पुन्हा पडवीत आला. म्हणाला, सूनबाईच्या हातचं जेवण गळ्याखाली उतरत नाही. मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "तुझ्याकडे एखादी जुनी बाटली असेल ना गं? तू केलेली."

तिच्या खाटेखाली होत्या. जुन्या, काळ्याभोर झालेल्या, झाकण उघडलं की खोलीभर वास पसरावा अशा. त्या तिनं कशासाठी ठेवल्या होत्या हे तिलाही सांगता आलं नसतं.

"नाही," ती म्हणाली. "संपल्या."

तिनं रताळ्याच्या पाल्याच्या देठावरची साल ओढून काढायला घेतली. पातेल्यातल्या पाण्याला आधण आलं होतं.